रुंद तोंडाचं लोणचं

वाण्याच्या दुकानात माणसं लोणचं मागतात तेव्हा आंब्याचं, लिंबाचं, मिरचीचं असं काहीतरी म्हणतात. आमचे मामा म्हणतात, “रुंद तोंडाचं द्या.”

डोंबिवलीतला तो वाणी आता सरावला आहे. मुकाट्याने स्टुलावर चढतो, वरच्या फळीवरच्या चार-पाच बाटल्या काढून समोर मांडतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पुढची दहा मिनिटं मामांची. मामा लेबल वाचत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून बाटली उलटी करतात आणि बुडाचा ठसा पाहतात. मग अंगावरून गेलेल्या साच्याच्या शिवणीवर अंगठा फिरवतात. झाकणाचे आटे किती असतील त्याचा बाहेरूनच अंदाज घेतात. शेवटी नखाने टिचकी. भरल्या बाटलीचा आवाज बद्दच येणार हे त्यांनाही ठाऊक आहे, पण टिचकी मारल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. आत लोणचं कशाचं आहे हे घरी गेल्यावर मामी सांगतात.

मध्यंतरी सहा कोनांच्या एका बाटलीवर त्यांचं मन बसलं. आत जॅम होता. मामांना मधुमेह. मुलं परदेशात. घरात जॅम खाणारं कोणी नाही. पण बाटली रिकामी व्हायला हवी, आणि मामांच्या घरात अन्न टाकत नाहीत. मामींनी सव्वा महिना रोज सकाळी पोळीला जॅम लावून खाल्ला. “बाटली यांना आवडली आणि साखर माझी वाढली,” असं त्या येईल त्याला सांगतात. मामा त्या वेळी सहा कोनांची ती बाटली उजेडात धरून पाहत असतात.

काच न टाकवणारा माणूस तुमच्याही घरात असेल. पिशवीत पिशव्या कोंबून ठेवणारे आणि सुतळीचे तुकडे गुंडाळून ठेवणारे हे त्याचे लांबचे नातेवाईक. मामा मात्र त्यांना आपल्यात धरत नाहीत. प्लॅस्टिकचा डबा त्यांच्या लेखी डबाच नव्हे. “त्याला एकदा लोणच्याचा वास लागला की जन्माचा लागला. काच विसरते,” असं ते म्हणतात, आणि हे म्हणताना मामींकडे का बघतात ते मला माहीत नाही. मामी चाळीस वर्षांपूर्वीचं काही विसरत नाहीत, हे खरं.

आता यात मामांचा दोष किती आणि रक्ताचा किती, हा प्रश्न आहे. मामांचा जन्म कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी १९१६ साली काढलेल्या काच कारखान्यावरून त्या वस्तीला हे नाव पडलं. वीज न पोचलेल्या घराघरांत तिथला ‘प्रभाकर’ कंदील टांगलेला असे. आजोबा, म्हणजे मामांचे वडील, त्या कारखान्यात भट्टीवर होते. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस नव्हते, अशी आठवण माझी आई सांगायची. बाकीच्या मुलांचे वडील गोष्टी सांगत, आजोबा काचेबद्दल सांगत. वाळू, सोडा आणि चुना यांचं मिश्रण नुसतं घातलं तर वितळायला रडतं. त्यात जुन्या फुटक्या काचेचा चुरा घातला की तो आधी वितळतो आणि बाकीच्यांना ओढून नेतो. “काचेलासुद्धा विरजण लागतं,” हे आजोबांचं वाक्य मामांनी मला किमान पन्नास वेळा ऐकवलं आहे. हल्लीचे लोक हेच आकड्यांत सांगतात. मिश्रणात शंभरातले दहा भाग जुनी काच असली, तर भट्टीचं इंधन अडीच-तीन टक्क्यांनी वाचतं. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग वडील काय सांगत होते?”

पुढे कारखाना बंद पडला. मामा त्याच्या कितीतरी आधी, १९६८ साली, रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरीला मुंबईला आले होते. गिरगावात चुलत्याकडे राहायचे. पहाटे आरे दुधाच्या केंद्रावर रांगेत उभं राहायचं काम त्यांच्याकडे होतं. रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची. चंदेरी पन्नीचं झाकण, जाड काच, रुंद तोंड. बाटली रोज घरातून जाई आणि रोज घरात येई, जाताना रिकामी, येताना भरलेली. मामांच्या मते मुंबईने इतकी सुसंस्कृत गोष्ट त्यानंतर केली नाही. दूध पिशवीतून यायला लागलं त्या दिवसापासूनच शहर बिघडलं, हे त्यांचं मत मी लग्नामुंजींत अनेकदा ऐकलं आहे. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फक्त मुंजीच्या पंगतीत ते किती वेळ ऐकायचं, एवढाच प्रश्न असतो.

बाटली रिकामी झाली की मामांचं खरं काम सुरू होतं. पहिली रात्र बादलीत, कोमट पाण्यात. सकाळी लेबल सुटलं तर त्या कंपनीचं कौतुक. “खळीचा डिंक वापरतात, सज्जन लोक आहेत.” लेबल प्लॅस्टिकचं निघालं आणि त्याखाली चिकटा राहिला, तर त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग चिकट्यावर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा कालवून लेप, अर्धा तास विश्रांती, मग काथ्याने गोल गोल. त्यानेही भागलं नाही तर रॉकेलचा बोळा. रॉकेल हल्ली मिळत नाही, पण मामांकडे आहे. तेही अर्थात बाटलीत. मग मोहरीची पूड घातलेलं गरम पाणी आत खळखळवायचं, म्हणजे वास जातो. मग गच्चीवर ऊन. गच्चीच्या कठड्याशी वीस-पंचवीस बाटल्या तोंडं उघडी टाकून ओळीने बसलेल्या असतात तेव्हा लांबून शाळेचा वर्ग भरल्यासारखा दिसतो. मामा अधूनमधून वर जाऊन प्रत्येकीत नाक घालतात. जी पास होते ती खाली येते.

काच विसरते हे खरं, पण झाकण विसरत नाही. मामांच्या आयुष्याची शोकांतिका झाकणात आहे. काचेला काही होत नाही. पत्र्याचं झाकण गंजतं, आतली रबराची चकती खारात फुगते, प्लॅस्टिकच्या झाकणाचे आटे झिजतात आणि ते जागच्या जागी फिरत राहतं. माळ्यावर दोन खोकी आहेत. एकात झाकण नसलेल्या बरण्या, दुसऱ्यात बरणी नसलेली झाकणं. रविवारी दुपारी मामा दोन्ही खोकी खाली काढतात आणि स्थळं जुळवतात. एखादी जोडी जमली की “मामी, चहा टाका!” अशी हाक येते. (मामा मामींना ‘मामी’ म्हणतात. आम्ही भाचरांनी त्यांचं बोलणं बिघडवलं.)

एका बाटलीला मात्र अजून झाकण मिळालेलं नाही. ती हॉर्लिक्सची आहे, जुनी, जाड काचेची. मामांना लहानपणी टायफॉइड झाला होता, तेव्हा आजोबांनी ती कऱ्हाडच्या दुकानातून आणली होती. तिच्या बुडाशी काचेत एक बुडबुडा अडकलेला आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. झाकण कधीच गंजून गेलं. त्या बाटलीत मामा काही ठेवत नाहीत. फडताळात ती एकटी, रिकामी असते.

बाकीच्या भरलेल्या असतात, पण त्यांत काय आहे हे बाटलीवरून कळत नाही. कॉफीच्या बाटलीत जिरं, मधाच्या बाटलीत कढवलेलं तूप, शाईच्या दौतीत लवंगा. व्हिक्सची एक जुनी निळी बाटली आहे, तीत केशर. “निळेपणा कोबाल्टचा, आतल्या मालाला ऊन लागत नाही,” हे त्यावरचं भाष्य. मामांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, पण दारूच्या बाटल्यांच्या घडणीबद्दल त्यांना अपार आदर आहे. “एवढी चांगली काच कफाच्या औषधाला का वापरत नाहीत?” असं ते विचारतात. ओल्ड मंकची ती बसकी, चौकोनी बाटली त्यांना कोणीतरी दिली, आणि ती हलत नाही, कलंडत नाही म्हणून मामांनी तीत समईचं तेल भरून देवघरात ठेवली. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी पूजेच्या मध्येच ती पाहिली. मंत्र थांबला नाही, पण सूर चढला. धाकट्या मामेभावाच्या लग्नाची बोलणी करायला मंडळी आली तेव्हा मामांनी स्कॉचच्या एका नक्षीदार बाटलीतून कोकम सरबत ओतलं. सोयरीक जमली. व्याही मात्र पहिली दोन वर्षं घरी आले की बसल्यावर जरा वाट पाहायचे.

मामांकडची कुठलीही वस्तू काचेतून येते आणि त्याबरोबर एक जोखीम येते. मेतकूट, डांगर, पंचामृत, मामींच्या हातची लसणाची चटणी, सगळं अप्रतिम. पण दारात चप्पल घालताना मामा सांगतात, “बरणी परत आण हो.” हे विनोदाने नसतं. एक वही आहे. रेल्वेच्या हिशेब खात्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाची वही. तारीख, नाव, बरणीचं वर्णन (‘उभी, खांद्याला रेघा, झाकण लाल’), माल, परतीची तारीख. माझ्या नावावर दोन बाकी आहेत. एक माझ्या हातून फुटली, हे मी अजून सांगितलेलं नाही. हा लेख त्यांच्या वाचनात आला तर आपोआप कळेल.

गंमत अशी, की आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. मामांची बरणी परत करायची तर तीत काहीतरी घालावं लागतं. मग मामींना ती रिकामी करून मामांकडे सोपवावी लागते. मामा ती धुऊन पुन्हा भरायला देतात, आणि ती भरली की कोणाला तरी जाते. एक बरणी मेतकूट घेऊन नाशिकला माझ्या मावशीकडे गेली, बेदाणे घेऊन आली, चटणी घेऊन साताऱ्याला गेली, कंदी पेढे घेऊन आली. तिचा प्रवास वहीत दीड पानभर आहे. या नात्यागोत्यात भांडणं झाली, अबोले झाले, वाटण्या झाल्या, पण बरणी फिरत राहिली. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांनाही बरणी परत करायला यावंच लागलं.

एक बरणी आली नाही. मोठा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याच्या सामानात मामांनी कैरीच्या लोणच्याची बरणी जुन्या धोतरात गुंडाळून दिली होती. लोणचं सुखरूप पोचलं आणि संपलं. सहा महिन्यांनी फोनवर मामांनी बरणीची चौकशी केली. सुनेने सरळपणे सांगितलं की ती रिसायकलिंगमध्ये टाकली, इकडे तसा कायदाच आहे. खरंच आहे. न्यू जर्सीत १९८७ पासून अशा वस्तू कचऱ्यातून वेगळ्या काढायची सक्ती आहे. मी तेव्हा समोर बसलो होतो. मामा एकदम गप्प झाले. मला वाटलं, आता सातासमुद्रापार ऐकू जाईल. पण त्यांनी हळू आवाजात एवढंच विचारलं, “फोडून भट्टीत जाते का?” सून म्हणाली, “हो बाबा, वितळवून परत बाटल्या करतात म्हणे.” मामा म्हणाले, “मग ठीक आहे.” फोन ठेवून त्यांनी वही काढली आणि परतीच्या रकान्यात लिहिलं, ‘भट्टीत’.

मला त्या दिवशी मामा थोडे कळले. बाटली भट्टीत गेली याचं त्यांना दुःख नाही. बरी, धडधाकट असताना तिला तिकडे पाठवायची घाई का, एवढंच त्यांचं म्हणणं. जिचं धुऊन भागतं ती वितळवायची कशाला? फुटली, तडकली की तिचा मान वेगळा. फुटकी काच मामा कधी कचऱ्यात नुसती टाकत नाहीत. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळायची, सुतळीने चारी बाजूंनी बांधायची आणि वर लाल शाईने, हिशेब खात्यातल्या सुवाच्य अक्षरात लिहायचं, ‘काच. जपून.’ घंटागाडीवरच्या ताईंचा हात एकदा कोणाच्या तरी फुटक्या ग्लासाने कापला होता. तेव्हापासून मामा त्यांच्या हातात पुडकं देतात, डब्यात टाकत नाहीत. पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आहे हे कळल्यावर ते फार खूष झाले होते. “मधोमध काच आहे, बघ,” असं दोनदा म्हणाले.

एवढ्या लौकिकाच्या माणसाला सोसायटीने काचेच्या पिंपावर नेमलं, ते साहजिकच होतं आणि ती चूकही होती. सचिव बाई तरुण, उत्साही. फाटकाशी एक हिरवं पिंप ठेवायचं, त्यात सगळ्यांनी रिकाम्या बाटल्या-बरण्या टाकायच्या आणि भरलं की भंगारवाल्यामार्फत कारखान्याकडे, अशी योजना होती. भंगारवाला नाखूष होता. बिअरच्या बाटल्या त्याला चालतात, त्या अख्ख्या परत भरायला जातात. जॅम-लोणच्याच्या बरण्या म्हणजे वजन फार आणि दाम नाही. शेवटी पिंप भरलं तर येईन, असं त्याने कबूल केलं.

पहिल्या महिन्यात पिंप भरलं नाही. दुसऱ्यातही नाही. सचिव बाईंनी जिन्यात सूचना लावली, ‘सभासदांनी सहकार्य करावे.’ सभासद सहकार्य करतच होते. घंटागाडीवरच्या ताईसुद्धा विचारायला लागल्या, “तुमच्या सोसायटीत काच निघतच नाही का हो?” निघत होती. रोज रात्री साडेनऊला मामा बॅटरी आणि कापडी पिशवी घेऊन ‘तपासणीला’ खाली उतरत होते. तपासणी गरजेची होती हे मान्य. लोकांनी त्यात ट्यूबलाइट टाकली होती, आरसा टाकला होता, कान तुटलेला चिनी मातीचा कप टाकला होता. चिनी मातीचा एक तुकडा आत गेला तर वितळत नाही, नव्या बाटलीत खडा होऊन बसतो, हे मामांनी सर्वसाधारण सभेत पंधरा मिनिटं समजावलं. तपासणीत नापास झालेलं पिंपाबाहेर जाई. पास झालेलं मामांच्या घरी जाई.

या कामात त्यांना नको ती माहिती मिळाली. काही बाटल्या पिंपात दिवसाढवळ्या पडत. काही वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन पिशव्यांत घालून रात्री अकरानंतर पडत. कोणाच्या घरी कुठलं वर्तमानपत्र येतं हे सोसायटीत सगळ्यांना माहीत असतं. मामांनी एका शब्दाने कधी काही सांगितलं नाही. गणेशोत्सवात एका सद्गृहस्थांनी व्यसनमुक्तीवर फार कळकळीचं भाषण केलं, तेव्हा मामा पहिल्या रांगेत बसून भाषण संपेपर्यंत चष्मा पुसत होते.

दिवाळीची आवराआवर करताना मामींनी घरातली काच मोजली. दोनशे चौदा. घर दोन खोल्यांचं. मामी भांडल्या नाहीत. त्या थांबल्या. संक्रांत आली. मामींनी हळदीकुंकू ठरवलं, आणि यंदा वाण म्हणून लुटल्या काचेच्या बरण्या. धुतलेल्या, वास गेलेल्या, प्रत्येकीत मूठभर तिळगूळ, झाकणाला लाल दोरा. एकूण त्रेसष्ट. बायकांनी तोंड भरून कौतुक केलं, किती वेगळी कल्पना, पर्यावरणपूरक! मामा आतल्या खोलीत दाराच्या फटीतून पाहत होते. पहिल्या पाच-सहा जणी जाईपर्यंत ते वही उघडून भराभर नावं लिहीत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की वाण परत मागत नाहीत. तसा रिवाजच नाही. त्यांनी वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या इतक्या बरण्या नोंदीशिवाय घराबाहेर गेल्या. रात्री ते जेवले नाहीत असं मामी सांगतात. मामा म्हणतात, तिळगूळ जास्त झाला होता.

पण बायकांचीही घरं दोन खोल्यांचीच. रथसप्तमीपर्यंत तिळगूळ संपला. होळीच्या सुमाराला पिंपात एक बरणी पडली, लाल दोऱ्यासकट. दुसऱ्या दिवशी तीन. मामा बॅटरी घेऊन खाली गेले. पाडव्यापर्यंत एकतीस परत आल्या. मामींनी मोजल्या आणि काही बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून काय द्यायचं ते आत्ताच ठरलंय, एवढं म्हणाल्या.

त्या एकतीसमधल्या सतरा बिनझाकणाच्या आहेत. माळ्यावरचं खोकं पुन्हा भरलं आहे. रविवारची स्थळं जुळवायचं काम जोरात चाललं आहे, आणि त्यात दर वेळी शेवटी हॉर्लिक्सची ती बाटली निघते आणि परत फडताळात जाते.

तर वाचकांपैकी कोणाच्या फडताळात, माळ्यावर, बटणांच्या किंवा खिळ्यांच्या डब्यात हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीचं पत्र्याचं झाकण पडलेलं असेल, थोडं गंजलेलं असलं तरी चालेल, तर माझ्यापर्यंत निरोप पोचवा. मामा स्वतः येऊन नेतील. येताना मेतकूट आणतील. बरणी तेवढी परत द्या.